लुकलुकते पान आणि वाचकाचा डोळा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मनावर येथे झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने मराठीच्या प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलावले की तो संतवाङ्मयावर बोलेल, नाहीतर मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा घेईल, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज मोबाईलच्या पडद्याविषयी, त्या पडद्याच्या न दिसणाऱ्या लुकलुकण्याविषयी आणि त्यामुळे काही वाचकांच्या डोळ्यांना होणाऱ्या पीडेविषयी बोलणार आहे. हा विषय भौतिकशास्त्राच्या किंवा नेत्रवैद्यकाच्या अभ्यासकाचा आहे, भाषेच्या माणसाचा नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. परंतु ग्रंथालयाचे भांडवल म्हणजे केवळ कपाटातील ग्रंथ नव्हेत. ग्रंथ आणि वाचकाची दृष्टी या दोहोंच्या भेटीतून वाचन घडते. त्यांपैकी एकाची शंभर वर्षे निगुतीने जपणूक करणाऱ्या संस्थेने दुसऱ्याचीही विचारपूस करावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

आपल्या या भागात या प्रश्नाला एक विशेष धारही आहे. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राजवटींबरोबर माळव्यात आणि निमाडात आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या येथे नांदली. घरात मराठी, बाजारात निमाडी आणि शाळा-कचेरीत हिंदी, असा आपला त्रिवेणी व्यवहार आहे. अशा ठिकाणी मराठी ग्रंथालयाचे मोल पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहजी कळायचे नाही. तेथे चार पावलांवर पुस्तकांचे दुकान असते, सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडते. मनावरच्या मराठी वाचकाच्या हाती मराठी मजकूर येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट या ग्रंथालयाची आणि दुसरी खिशातल्या मोबाईलची. मराठी विश्वकोश आज महाजालावर वाचता येतो, वर्तमानपत्रे वाचता येतात, जुनी दुर्मीळ पुस्तकेही उतरवून घेता येतात. शहरातील वाचकाला मोबाईल हा एक पर्याय असेल. आपल्याला तो भाषेकडे नेणारा पूल आहे. म्हणूनच त्या पुलावरून चालताना एखाद्याचा पाय मुरगळत असेल, तर त्याला केवळ 'जपून चाल' म्हणून भागणार नाही. पुलाची फळी कोठे हलते हेही पाहिले पाहिजे.

प्रथम लुकलुकणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोळ्याला प्रत्येक क्षण सुटा सुटा दिसत नाही. जळते कोलीत अंधारात गरगर फिरवले की अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. आपल्या परंपरेत याला अलातचक्र म्हणतात आणि गौडपादाचार्यांनी आपल्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणाला 'अलातशांती' हेच नाव दिले आहे. त्यांना त्या दृष्टांतातून तत्त्वज्ञान सांगायचे होते. आपल्याला त्यातला साधा दृष्टिधर्म पुरेसा आहे. दिवा सेकंदाला साधारणपणे पन्नास-साठ वेळांहून अधिक वेगाने उघडझाप करू लागला की बहुतेकांना तो स्थिर दिसतो. सारा चित्रपट, सारे दूरदर्शन याच मर्यादेवर उभे राहिले. परंतु 'स्थिर दिसतो' आणि 'स्थिर आहे' यांत अंतर आहे आणि आजचा आपला सारा विषय त्या अंतरात सामावलेला आहे.

वाचनाच्या साधनाचा निर्माता वाचकाच्या डोळ्याचा विचार करतो काय, हा प्रश्न मराठीला नवा नाही. जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत अक्षरांचे खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराने तेथे देवनागरीची जी वळणे घडविली, त्यांच्या सुबकपणाची कीर्ती देशभर पसरली. दाट जोडाक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा आणि वेलांट्या, अनुस्वाराचा टिंब, हे सारे बारीक ठशातही स्वच्छ वाचता यावे, यासाठी केलेली ती मेहनत होती. वाचकाने डोळे ताणून वाचावे आणि न जमल्यास आपल्या नजरेला दोष द्यावा, असे त्या कारागिरांनी म्हटले नाही.

अक्षरांची जी गोष्ट, तीच उजेडाची. उघड्या दिव्याची ज्योत वाऱ्याने फडफडते आणि तिच्यासह पानावरील अक्षरेही नाचतात. काचेच्या चिमणीने ज्योतीला आडोसा दिला आणि उजेड शांत झाला. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, काच कारखाना उभारला. पुढे त्यांच्या प्रभाकर कंदिलाने कितीतरी मराठी घरांतील अभ्यास उजळले. कंदिलाची काच हा ज्योतीच्या लुकलुकण्यावरचा निर्मात्याने दिलेला उपायच म्हणायचा. काच पुसण्याचे काम घरच्या मुलांकडे असे, पण काच पुरविण्याचे काम कारखान्याचे होते.

लुकलुकत्या प्रकाशाकडे सतत पाहत राहण्याच्या ध्यासाचे एक विलक्षण उदाहरण आपल्या भाषेच्या प्रदेशातच घडले. दादासाहेब फाळके यांनी १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला. त्यानंतर ते दिवसामागून दिवस चित्रपट पाहत राहिले. रात्री जेमतेम तीन तास झोप. या अतिश्रमाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दृष्टी गेल्यासारखीच झाली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत मिळाली, म्हणून १९१२ साली फाळके लंडनला जाऊन कॅमेरा आणू शकले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आपल्या उद्योगाच्या आरंभाची हकीकत त्यांनी पुढे १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात स्वतःच लिहिली आहे. त्यांच्या दुखण्याचे सारे खापर पडद्याच्या उघडझापीवर फोडणे वैद्यकदृष्ट्या बरोबर ठरणार नाही. अपुरी झोप, अंधारी खोली, अविश्रांत पाहणे, ही कारणे त्याहून मोठी होती. तथापि त्या काळचा चित्रपट डोळ्याला टोचेल इतका लुकलुकत असे, हेही खरे. इंग्रजीत चित्रपटाला रूढ झालेले 'फ्लिक' हे नाव त्या लुकलुकण्यावरूनच पडले.

त्यावर चित्रपटयंत्रांच्या निर्मात्यांनी काय केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडद्यावर येत. प्रत्येक चित्रावर प्रकाश एकदाच पडला तर उघडझाप सोळाच वेळा होई आणि ती असह्य होई. म्हणून यंत्रातील फिरत्या झडपेला तीन पाती बसविली गेली. एकेक चित्र तीन वेळा उजळू लागले, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि डोळ्याला विसावा मिळाला. प्रेक्षकाच्या नजरेला नावे न ठेवता झडप बदलण्यात आली, हे आपण ध्यानात ठेवू.

आता मोबाईलकडे वळू. आजच्या बऱ्याच फोनांचा पडदा ज्या जातीचा असतो तिला ओलेड म्हणतात. जुन्या एलसीडी पडद्यामागे एक दिवा असे आणि त्याच्या उजेडात चित्र दिसे. ओलेड पडद्यातील प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो. म्हणून त्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि रंग खुलतात. प्रश्न येतो तो उजेड कमी करण्याचा. तो दोन रीतींनी कमी करता येतो. नळाचे उदाहरण घेऊ. बादलीत पाणी कमी पडावे असे वाटले तर नळ बारीक सोडता येईल. किंवा नळ पूर्ण उघडून झटक्यासरशी बंद करीत राहता येईल. दोन्ही रीतींनी तासाभरात बादलीत तेवढेच पाणी साठेल. पहिल्या रीतीत धार अखंड असते, दुसरीत तुटक. पडद्याला अगदी थोडी वीज दिली तर ठिपक्यांचे रंग सारखे उमटत नाहीत, कोठे हिरवट तर कोठे तांबूस छटा येते. म्हणून बऱ्याच निर्मात्यांनी दुसरी रीत पत्करली. पडदा सेकंदाला शेकडो वेळा उजळायचा आणि मंदावायचा किंवा विझायचा. उजेड जितका कमी हवा तितका विझण्याचा काळ वाढवायचा. अनेक नामांकित फोनांत हा वेग वर्षानुवर्षे सेकंदाला सुमारे २४० राहिला.

यातून एक विपरीत गोष्ट घडते. रात्री घरातील माणसे झोपली आहेत, त्यांना त्रास नको म्हणून विद्यार्थी दिवा मालवतो, पडद्याचा उजेड अगदी कमी करतो आणि पांघरुणात वाचत पडतो. डोळ्यांना सौम्य पडेल असे समजून तो जे करतो, त्यानेच पडद्याचे विझणे सर्वाधिक होते.

सेकंदाला २४० वेळा होणारी ही उघडझाप दिसत नाही, मग ती बाधेल कशी, हा प्रश्न साहजिक आहे. याचे एक उत्तर वाचनाच्या क्रियेतच आहे. एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रवैद्याच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास असे आढळले की वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उड्या घेतो. क्षणभर थांबतो, चार अक्षरे टिपतो आणि पुढे झेपावतो. सेकंदाला अशा तीन-चार उड्या होतात. याच जाव्हालने पुढे वाचनाच्या शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तोवर काचबिंदूने त्याची स्वतःची दृष्टी गेलेली होती. वाचन समजावून सांगणाऱ्या माणसाला वाचता येऊ नये, हा दैवदुर्विलास मनाला चटका लावतो.

डोळा स्थिर असता जो प्रकाश अखंड भासतो, तोच डोळ्याची उडी चालू असता तुटक उमटू शकतो. अंधारात धावणाऱ्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यावरून नजर झरकन फिरवा, कधी कधी लाल ठिपक्यांची माळ दिसते. तोच हा प्रकार. नजरेच्या अशा उडीच्या वेळी हजारांहूनही अधिक वेगाची उघडझाप माणसाला जाणवू शकते, असे रॉबर्ट्स आणि विल्किन्स या इंग्रज संशोधकांनी २०१३ साली दाखविले. म्हणजे पन्नास-साठची जुनी मर्यादा स्थिर नजरेपुरती आहे. वाचणारी नजर तर कधीच फार काळ स्थिर नसते.

दुसरे उत्तर कचेरीतून आले आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड पन्नास आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. आर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील एका कचेरीत अशा नळ्यांच्या जागी अतिशय उच्च वेगाने चालणारी योजना बसवून पाहिली. १९८९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की डोकेदुखीच्या आणि डोळे शिणण्याच्या तक्रारी निम्म्याहूनही कमी झाल्या. त्या कर्मचाऱ्यांना आधीची उघडझाप 'दिसत' नव्हतीच. या आणि अशा अभ्यासांच्या आधारे अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. ती एलईडी दिव्यांसाठी आहे, फोनसाठी नाही. तरीही तिचा मापदंड आपल्याला दिशा दाखवतो. त्या मापाने सेकंदाला २४० उघडझापी होत असतील तर प्रकाशातील चढउतार सुमारे १९ टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे धोका कमी. पूर्ण विझणाऱ्या दिव्यात तो चढउतार १०० टक्के असतो. वेग १२५० च्या पुढे गेला की चढउताराची ही अट उरत नाही, आणि ३००० च्या पुढे परिणाम होतच नाही असे मानले आहे.

हे सर्वांनाच बाधते असे मात्र नाही. एकाच घरात चौघे तोच फोन वापरतात आणि तिघांना काही होत नाही. चौथ्याला अर्ध्या तासात कपाळ जड होते, डोळ्यांमागे दुखते, मळमळते, अक्षरे सरकल्यासारखी वाटतात. तिघांचे काही न दुखणे हाच चौथ्याविरुद्धचा पुरावा ठरतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. नवा फोन आल्यापासून तिचे डोके दुखू लागले. चष्म्याचा नंबर तपासला, तो ठीक निघाला. घरी म्हणू लागले, "अभ्यास टाळायला बहाणे काढते." आत्याने कपाटात टाकून दिलेला जुना, एलसीडी पडद्याचा फोन तिने सहज वापरून पाहिला आणि तिची दुखणी बरीच उतरली. एका मुलीच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण त्या काही महिन्यांत तिला डोकेदुखीपेक्षा अधिक लागले ते आपले बोलणे कोणी खरे मानत नाही हे. वाचनाची गोडी लागण्याच्या वयात वाचले की दुखते आणि सांगितले की हसतात, असा अनुभव आला तर ते मूल पुस्तकाकडे पाठ फिरवील, यात नवल काय?

येथे तोल सांभाळणे अगत्याचे आहे. मोबाईल पाहून शिणणारा प्रत्येक डोळा लुकलुकण्याने शिणतो असे नाही. बहुतेकांच्या बाबतीत कारणे साधी आणि जुनी असतात. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळा कोरडा पडतो. फोन हातभर अंतरावरही न धरता नाकाजवळ धरतो, त्यामुळे जवळचे पाहण्याचे स्नायू ताणलेलेच राहतात. चाळिशीनंतरचा चष्मा लावायला संकोच करतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नेत्रवैद्यांचा सल्ला यासाठीच आहे, आणि दुखणे टिकले तर नेत्रवैद्याकडे जाणे हीच पहिली पायरी होय. निळा प्रकाश अडविणारे म्हणून जे महागडे चष्मे विकले जातात, त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे पुराव्यांवरून दिसत नाही, असा निर्वाळा कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याने दिला आहे. परंतु हे सारे करूनही ज्याचे दुखणे राहते, तो माणूस उरतोच, आणि आपण त्याच्याविषयी बोलत आहोत.

त्याच्या तक्रारीला निर्मात्यांनी काय उत्तर दिले? कित्येक वर्षे काहीच नाही. मग २०१९ साली शाओमी, वनप्लस अशा चिनी कंपन्यांनी काही फोनांत उजेड अखंड धारेने कमी करण्याची सोय दिली, म्हणजे नळ बारीक सोडण्याची रीत. ऑनर या कंपनीने दुसरा मार्ग धरला. उघडझापीचा वेगच ३८४० आणि पुढे ४३२० पर्यंत नेला. दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या २०२५ साली हलल्या. ॲपलने आयफोन १७ च्या मालिकेत, दिव्यांगांसाठी व विशेष गरजांसाठी असलेल्या सोयींच्या यादीत, पडद्याचे स्पंद बंद करणारी कळ ठेवली. गूगलने पिक्सेल १० च्या प्रो फोनांत 'संवेदनशील डोळ्यांसाठी' अशा शब्दांत सोय दिली. तिने वेग २४० वरून ४८० होतो.

या कळांचे मी स्वागत करतो. त्यांचा पहिला लाभ तांत्रिक नाही. ज्या कंपनीने पडदा बनविला तिनेच अशी कळ दिली, म्हणजे ही तक्रार मनाचे खेळ नव्हे हे कबूल झाले. त्या मुलीच्या घरच्यांना माझ्या शब्दापेक्षा ही कळ अधिक पटेल. तथापि तीन गोष्टी मनात सलतात. वेग दुप्पट केला तरी मघाच्या मापाने ४८० ला चढउतार ३८ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. केवळ दुप्पट होण्याने प्रश्न संपत नाही. दुसरे, ॲपलची कळ आदल्या वर्षीच्या आयफोनलाही मिळालेली नाही आणि गूगलची कळ प्रो फोनांपुरती आहे. ज्याच्या हाती आहे तो फोन बाधतो, त्याने उपचार म्हणून लाखाच्या घरातील नवा फोन घ्यावा काय? तिसरे, पडदा सेकंदाला किती वेळा विझतो हे खोक्यावर छापण्याची रीत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती हे लिहिलेले असते. तासन् तास डोळ्यांपुढे धरायच्या वस्तूवर एवढी एक संख्या का नसावी?

ग्राहकांनी मागितल्याखेरीज असे मिळत नाही, याचा एक पूर्वदाखला सांगतो. संगणकाचे जुने, पेटीसारखे पडदे सेकंदाला साठ वेळा लुकलुकत आणि दिवसभर त्यांच्यापुढे बसणाऱ्या कारकुनांचे डोळे चुरचुरत. स्वीडनमध्ये अशा कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा टीसीओ हा महासंघ आहे. त्याने १९९२ पासून पडद्यांसाठी स्वतःचे प्रमाणचिन्ह सुरू केले आणि १९९९ च्या प्रमाणात निदान ८५ चा वेग सक्तीचा केला. जगभरचे निर्माते ते चिन्ह मिळविण्यासाठी पडदे सुधारू लागले. डोळे चुरचुरतात म्हणून सांगणारी माणसे एकत्र आली, एवढेच त्यामागचे बळ होते.

आपल्या देशातील कायदा काय सांगतो? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम एकवीस प्रकारच्या दिव्यांगता मोजतो. लुकलुकण्याने पीडा होणे त्यांत नाही, आणि अशा प्रत्येकाला दिव्यांग ठरवावे असेही मी म्हणत नाही. पण त्याच अधिनियमाचे ४३ वे कलम सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या उपभोग्य वस्तूंना शासनाने चालना द्यावी असे सांगते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निर्णय देताना डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणाचे मूळ डोळ्यांतच होते. आम्लहल्ल्याने डोळे आणि चेहरा जखमी झालेल्या व्यक्तीला, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखव, असे यंत्र सांगत होते आणि तिला ते शक्य नव्हते. यंत्र बनविणाऱ्याने एकाच साच्याचा डोळा गृहीत धरला की असे होते.

संकेतस्थळांसाठी एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे: सेकंदाला तीनहून अधिक वेळा काही लखलखू नये. अपस्माराचा झटका टाळण्यासाठी तो आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका लोकप्रिय व्यंगचित्रमालिकेतील लाल-निळ्या लखलखाटाने सुमारे सातशे जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. त्यानंतर या धोक्याकडे जगाचे लक्ष गेले. तो दंडक डोळ्यांना दिसणाऱ्या लखलखाटापुरता आहे. न दिसणाऱ्या उघडझापीसाठी असा सर्वमान्य दंडक फोनांना अद्याप लागलेला नाही. युरोपीय संघाने दिव्यांच्या लुकलुकण्यावर २०२१ पासून मर्यादा घातली, म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही.

आता ग्रंथालयाने काय करावे, हे सांगून थांबतो. पहिली गोष्ट घरच्या दिव्याची. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले; वीज वाचली हे उत्तमच झाले. परंतु बाजारात हलक्या प्रतीचे दिवेही आले आहेत आणि ते लुकलुकतात. आपल्या वाचनकक्षातील दिवे तपासणे सोपे आहे. मोबाईलचा कॅमेरा दिव्याकडे धरावा. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदलावा. फोनच्या पडद्याचीही अशी परीक्षा होते. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड कमी करून त्याच्यापुढे पेन्सिल भराभर हलवावी. पेन्सिलची अखंड पुसट सावली न दिसता पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पडदा उघडझाप करतो आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. वाचकाला सांगावे की अंधारात अगदी मंद पडद्यावर वाचू नये. खोलीत दिवा लावावा आणि पडद्याचा उजेड वाढवावा. तो उजेड डोळ्यांत भरत असेल तर अँड्रॉइडच्या २०२१ पासूनच्या फोनांत 'अतिरिक्त मंद' करणारी सोय आहे, आयफोनमध्ये पांढऱ्याची तीव्रता घटविण्याची सोय आहे. मूळ उजेड चढा ठेवून या सोयी वापरल्या तर चित्रच काळपट होते आणि पडद्याला विझण्याचे काम पुष्कळ फोनांत कमी पडते. यासाठी नवा फोन घ्यावा लागत नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांना या सोयी उघडून देण्याचे काम तरुण सभासदांनी आठवड्यातून एक संध्याकाळ केले, तर शताब्दीचा याहून चांगला उपक्रम कोणता?

तिसरी गोष्ट ग्रंथांची. कागद स्वतः उजळत नाही. तो खोलीतला उजेड परत देतो. आपल्या कपाटांतील पुस्तकांना हा गुण जन्मजात आहे. ज्याला पडदा सोसत नाही, अशा वाचकाने मागितलेला महाजालावरील मराठी लेख, कथा किंवा अभ्यासाचे टिपण, प्रताधिकाराची मर्यादा पाळून, मोठ्या ठशात छापून देण्याची व्यवस्था ग्रंथालयाने करावी. पानामागे जो अल्प खर्च येईल तो सभासद आनंदाने देतील. शाईच्या तत्त्वावर चालणारे वाचनयंत्रही कागदासारखेच बाहेरच्या उजेडात वाचता येते. निधी जमला तर असे एखादे यंत्र वाचनकक्षात असावे.

चौथी आणि शेवटची गोष्ट नोंदीची. ग्रंथालयात सूचनावही असते. तिच्यात एक पान यासाठी राखावे. कोणाला कोणत्या फोनवर, किती वेळाने, काय त्रास होतो आणि कशाने उतरतो, एवढे वाचकाने लिहावे. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. वर्षाअखेरीस त्या नोंदी एकत्र करून निर्मात्यांना आणि शासनाच्या संबंधित खात्याला पत्र पाठवावे. मनावरच्या पत्राने मोठमोठ्या कंपन्या हलतील काय, असे कोणी विचारील. स्वीडनच्या त्या कारकुनांपैकी प्रत्येकजण एकटाच होता, तोपर्यंत त्याचेही कोणी ऐकले नव्हते. आणि कंपनीने उत्तर दिले नाही तरी त्या पानावर लिहिणाऱ्याला एवढे निश्चित कळेल की आपले दुखणे येथे कोणी लिहून घेतले, त्याची थट्टा केली नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या ग्रंथालयाची पहिली कपाटे भरली, त्यांना मोबाईल ठाऊक नव्हता. परगावी, परभाषेच्या शेजारात, आपल्या माणसाला आपल्या भाषेतले पान सुखाने वाचता यावे, ही त्यांची तळमळ मात्र आपल्याला ठाऊक आहे. पान आता कागदावरचे असो की काचेवरचे, 'सुखाने' या शब्दाची जबाबदारी आपल्याकडे आली आहे. ती आपण उचलाल, असा मला विश्वास वाटतो.